रक्तगटाचे प्रात्यक्षिक आणि रक्तगटाचा अहवाल : महाविद्यालयीन जीवशास्त्र व निदान प्रयोगशाळा अभ्यासक्रम यांतील अंतर

प्रस्तावना

पदवीच्या जीवशास्त्र वर्गात रक्तगटाचे प्रात्यक्षिक बहुधा ठरलेले असते. विद्यार्थ्याच्या बोटाला निर्जंतुक लॅन्सेट टोचून रक्ताचे तीन थेंब काचपट्टीवर घेतले जातात. एका थेंबात अँटी-ए, दुसऱ्यात अँटी-बी आणि तिसऱ्यात अँटी-डी मिसळून ते काडीने ढवळतात. ज्या थेंबात तांबड्या पेशींचे पुंजके जमतात त्यावरून गट ठरतो. ‘दिलेल्या रक्ताचा गट बी पॉझिटिव्ह आहे’ असा निष्कर्ष प्रयोगवहीत लिहिला जातो, त्याखाली शिक्षकांची सही होते आणि प्रात्यक्षिक संपते. वर्षभरातील इतर प्रात्यक्षिकांना नसेल एवढी उत्सुकता या एका प्रात्यक्षिकाला असते. कारण त्या दिवशी विद्यार्थी झुरळाचा वा गांडुळाचा नव्हे, स्वतःचा अभ्यास करीत असतो.

यांपैकी काही विद्यार्थी पुढे वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाच्या पदविकेला किंवा पदवीला प्रवेश घेतात. महाराष्ट्रात बारावी विज्ञानानंतर थेट या अभ्यासक्रमाकडे वळणारे जसे आहेत, तसेच प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र वा जीवरसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाल्यावर ‘डी.एम.एल.टी.’ करणारेही पुष्कळ आहेत. दोन-तीन वर्षांनी तोच विद्यार्थी रक्तपेढीत वा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत उभा राहतो. हातात तेच द्रावण, तशीच काडी, तसाच थेंब. फरक एवढाच, की आता उत्तर कोणालाच ठाऊक नसते आणि त्याच्या नोंदीवर विसंबून कोणाच्या तरी शिरेत रक्त जाणार असते.

या दोन प्रसंगांमधील अंतर अधिक माहितीने भरून निघते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. जीवशास्त्राने पाया घालावा, तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमाने कौशल्य द्यावे, अशी ही विभागणी आहे. प्रस्तुत लेखात या विभागणीचा काही उदाहरणांच्या आधारे पुनर्विचार केला आहे. निदान प्रयोगशाळेत जीवशास्त्राचा खरा उपयोग हाती आलेले उत्तर चुकीचे तर नाही ना, हे ओळखण्यासाठी होतो; आणि महाविद्यालयीन प्रात्यक्षिकांची प्रचलित रीत नेमकी हीच सवय लागू देत नाही, असे लेखाचे प्रतिपादन आहे.

बॉम्बे रक्तगट : व्याख्यानात एक, प्रात्यक्षिकात दुसरे

कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये मानवी रक्ताचे गट दाखवून दिले. त्यानंतर सुमारे पन्नास वर्षांनी, १९५२ मध्ये, मुंबईतील डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एका नव्या रक्तगट-वैशिष्ट्याची नोंद प्रसिद्ध केली. या व्यक्तींच्या पेशी अँटी-ए आणि अँटी-बी यांपैकी कशाशीच पुंजके करीत नव्हत्या. म्हणजे नेहमीच्या चाचणीत त्या ‘ओ’ गटाच्या ठरत होत्या. परंतु त्यांच्या सीरममुळे ओ गटाच्या पेशींचेही पुंजके होत होते. पुढे हा गट ‘बॉम्बे रक्तगट’ या नावानेच जगभरच्या ग्रंथांत रूढ झाला.

याचे स्पष्टीकरण जीवरसायनशास्त्राच्या दृष्टीने सुबक आहे. ए आणि बी हे प्रतिजन स्वतंत्रपणे तयार होत नाहीत. दोघांचाही आधार ‘एच’ नावाचा प्रतिजन असतो. एका विकराच्या साह्याने शर्करा-साखळीच्या टोकाला फ्यूकोज जोडले गेले की एच प्रतिजन तयार होतो. त्यावर एन-ॲसिटिलगॅलॅक्टोसमाइन चढविले तर ए, गॅलॅक्टोज चढविले तर बी. ओ गटाच्या व्यक्तीत यांपैकी काहीच चढविले जात नाही, म्हणून तिच्या पेशींवर एच प्रतिजन सर्वाधिक उरतो. बॉम्बे गटाच्या व्यक्तीत फ्यूकोज जोडणारे विकरच कार्यक्षम नसते. पायाच नाही, म्हणून ए वा बी यांची जनुके असली तरी वरचा मजला उभा राहत नाही. अशा व्यक्तीच्या रक्तात अँटी-ए आणि अँटी-बी यांच्याबरोबर अँटी-एच प्रतिपिंडही असते व ते शरीराच्या तापमानाला क्रियाशील असते. तिला ओ गटाचे रक्त दिल्यास दिलेल्या पेशी फुटून जीवावर बेतू शकते. तिला केवळ बॉम्बे गटाचेच रक्त चालते. भारतात या गटाचे प्रमाण सुमारे दहा हजारांत एक असे सांगितले जाते. मोठ्या शहराच्या हिशेबात ही संख्या नगण्य नाही.

आता एक विसंगती लक्षात घ्यावी. बॉम्बे रक्तगट पदवीच्या आनुवंशिकीच्या व्याख्यानात शिकविलाच जातो. एका जनुकाने दुसऱ्याचा आविष्कार झाकणे, म्हणजे एपिस्टॅसिस, याचे ते ठरावीक उदाहरण आहे. परीक्षेत त्यावर टीप विचारली जाते आणि विद्यार्थी ती लिहितातही. मात्र शेजारच्याच प्रयोगशाळेत रक्तगटाचे जे प्रात्यक्षिक घेतले जाते, त्यात बॉम्बे गटाची व्यक्ती हमखास ‘ओ’ म्हणूनच नोंदली जाईल. सकाळच्या तासाला शिकविलेला अपवाद दुपारच्या प्रात्यक्षिकाच्या पद्धतीत सापडणे शक्यच नसते, आणि हे कोणी बोलून दाखवीत नाही.

रक्तपेढीत ही त्रुटी भरून काढणारी रीत जुनीच आहे. पेशींवरील प्रतिजन तपासणे हे फॉरवर्ड ग्रुपिंग. त्याच व्यक्तीचे सीरम ए, बी आणि ओ गटांच्या ज्ञात पेशींशी लावून पाहणे हे रिव्हर्स ग्रुपिंग. दोन्ही उत्तरे एकमेकांशी जुळली तरच गट जाहीर करावयाचा. ओ पेशींच्या नळीत पुंजके दिसले तर तिथेच थांबून शोध घ्यावयाचा. रक्त देण्यापूर्वीची जुळणी, म्हणजे क्रॉस-मॅच, ही आणखी एक चाळणी असते. तिच्यात ही चूक पकडली जाते हे खरे. परंतु रक्तस्राव चालू असताना एकामागून एक पिशव्या न जुळण्यात गेलेला वेळही रुग्णाच्याच खात्यातून जातो.

रिव्हर्स ग्रुपिंग शिकविले की इतर प्रश्न आपोआप पुढे येतात. नवजात अर्भकात ही तपासणी ग्राह्य का नाही? कारण त्याची स्वतःची अँटी-ए व अँटी-बी प्रतिपिंडे जन्मानंतर काही महिन्यांनी तयार होऊ लागतात. आधी असतात ती आईकडून आलेली. काचपट्टीवरील थेंब वाळू लागला की कडेला पुंजक्यांसारखे कण का दिसतात? काही रुग्णांच्या पेशी नाण्यांच्या चळतीप्रमाणे एकमेकींना चिकटतात, त्याला समूहन म्हणावे की नाही? या प्रश्नांची उत्तरे जीवशास्त्रातच आहेत. पण उत्तर आधीच ठाऊक असलेल्या प्रात्यक्षिकात हे प्रश्न उपस्थित होण्याचे कारणच उरत नाही.

नळीतील साखर आणि घड्याळ

दुसरे उदाहरण ग्लायकोलिसिसचे. ग्लुकोजपासून पायरुव्हेटपर्यंतच्या दहा पायऱ्या, दहा विकरे आणि निव्वळ दोन एटीपी, हे जीवशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने कधी ना कधी पाठ केलेले असते. ही क्रिया पुस्तकात ‘पेशीमध्ये’ घडते. ती रक्त काढल्यानंतर नळीतही चालूच राहते, हे मात्र फारच थोड्यांच्या लक्षात येते.

साध्या नळीत घेतलेले रक्त सामान्य तापमानाला तसेच ठेवले तर त्यातील ग्लुकोज तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी घटते; पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतील किंवा उष्णता अधिक असेल तर त्याहूनही वेगाने. उपाशीपोटी १३० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर साखर असलेल्या रुग्णाचा विचार करावा. १२६ किंवा त्याहून अधिक हा मधुमेहाच्या निदानाचा निकष. नमुना संकलन केंद्रातून तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत तीन तास गेले तर १३० चे १०५ ते १११ होतात. यंत्र बिनचूक, रसायन ताजे, तंत्रज्ञ दक्ष. तरीही मधुमेही रुग्ण ‘सीमारेषेवर’ म्हणून घरी जातो. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भ वा मराठवाड्यात दुचाकीच्या डिकीतून वा एस.टी.तून नमुने जात असतील, तर या हिशेबात उन्हाचाही वाटा धरावा लागतो.

यासाठी करड्या झाकणाची सोडियम फ्लोराइडची नळी वापरतात, हे तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात पहिल्या काही आठवड्यांतच सांगितले जाते. ‘साखरेला करडी नळी’ हे सूत्र पाठ होते आणि पुढे आयुष्यभर पुरते, असा समज होतो. वस्तुतः फ्लोराइड रोखते ते एनोलेज हे विकर, आणि एनोलेज दहा पायऱ्यांपैकी नवव्या पायरीवर आहे. त्याच्या आधीच्या पायऱ्या लगेच थांबत नाहीत; शेवटच्या टप्प्यातील एटीपीची निर्मिती बंद पडून पेशीतील साठा संपत आला, की मगच पहिल्या पायरीवरचे हेक्झोकायनेज थंडावते. म्हणून फ्लोराइड घातल्यावरही पहिला एक-दीड तास साखर घटतच राहते. नमुना बर्फात ठेवणे, लवकर अपकेंद्रित करून पेशी वेगळ्या करणे किंवा सुरुवातीच्या पायऱ्याच रोखणारे सायट्रेटयुक्त मिश्रण वापरणे, हे उपाय का सुचविले जातात ते येथे उलगडते. पायऱ्यांची यादी पाठ असणाऱ्याला नियम कळतो. पायऱ्यांचा क्रम समजलेल्याला नियम कुठे अपुरा पडतो तेही कळते.

ईडीटीएच्या नळीची गोष्ट याच जातीची आहे. जांभळ्या झाकणाच्या या नळीत पोटॅशियमयुक्त ईडीटीए असते. ते रक्तातील कॅल्शियम बांधून ठेवते, म्हणून रक्त गोठत नाही. सीरमसाठीच्या नळीत रक्त कमी पडले म्हणून एखाद्या नवख्या हाताने जांभळ्या नळीतून थोडे ओतले, तर अहवालात पोटॅशियम ८ च्या वर आणि कॅल्शियम ५ च्या खाली दिसू शकते. अशा आकड्यांचा माणूस प्रयोगशाळेच्या बाकावर वर्तमानपत्र वाचीत बसलेला नसतो. कॅल्शियम कमी, पोटॅशियम जास्त आणि जोडीला अल्कलाइन फॉस्फटेजही घटलेले (कारण त्या विकराला लागणारे जस्त व मॅग्नेशियमही ईडीटीएने पकडलेले), हे त्रिकूट एकत्र पाहून ज्याच्या मनात शंका उभी राहते, तो नमुना पुन्हा मागवितो. ज्याच्या मनात ती राहत नाही, तो अहवाल पाठवितो. आणि पोटॅशियम उतरविण्याचे उपचार नसलेल्या आजारावर सुरू होण्याची शक्यता निर्माण होते.

चुका यंत्रात कमी आणि यंत्रापर्यंतच्या वाटेवर अधिक होतात, हे अनुमान केवळ अनुभवावर आधारलेले नाही. इटलीतील पादुआ येथे प्लेबानी व कारारो यांनी तातडीच्या तपासण्यांच्या प्रयोगशाळेतील ४०,४९० तपासण्यांचा मागोवा घेऊन १९९७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत १८९ चुका आढळल्या, त्यांपैकी ६८.२ टक्के तपासणीपूर्व टप्प्यातील होत्या, १३.३ टक्के प्रत्यक्ष तपासणीतील आणि १८.५ टक्के तपासणीनंतरच्या. दहा वर्षांनी त्यांनीच पुन्हा केलेल्या अशाच पाहणीत तपासणीपूर्व चुकांचा वाटा ६१.९ टक्के होता. अभ्यासक्रमातील तासांची वाटणी पाहिली तर प्रमाण नेमके उलटे दिसते. बहुतेक वेळ यंत्र, द्रावण आणि तत्त्व यांवर खर्च होतो. नाव नीट विचारणे, नळी हलके उलटसुलट करणे, पट्टा फार वेळ आवळून न ठेवणे या गोष्टी ‘पुढे कामावर शिकता येतील’ म्हणून सोडून दिल्या जातात.

जुळविलेली वाचने

महाविद्यालयीन प्रात्यक्षिकाची एक सवय येथे स्पष्टपणे नोंदवली पाहिजे. आलेख सरळ रेषेत यावा म्हणून एखादा बिंदू किंचित सरकविणे, अनुमापनाची तीन वाचने एकसारखी लिहिणे, गतवर्षीच्या प्रयोगवहीतून ‘योग्य’ उत्तर घेणे, या गोष्टी इतक्या सार्वत्रिक आहेत की त्यांना कोणी लबाडी मानीत नाही. दोष विद्यार्थ्यांचाच आहे असेही नाही. गुण उत्तराला असतील तर उत्तर जुळविले जाणारच. बाह्य परीक्षकापुढे स्वच्छ वही आणि नेटका आलेख ठेवण्याची धडपड शिक्षकही करतात.

निदान प्रयोगशाळेचा इतिहास मात्र न जुळणाऱ्या उत्तरांतूनच घडला आहे. १९४७ मध्ये बेल्क आणि संडरमन यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील प्रयोगशाळांकडे एकसारखे नमुने पाठवून आलेली उत्तरे प्रसिद्ध केली. ती एकमेकांपासून इतकी दूर होती की मोठ्या प्रमाणावर असमाधानकारक ठरली. प्रयोगशाळांच्या बाह्य गुणवत्ता तपासणीची सुरुवात या खजील करणाऱ्या पाहणीपासून मानली जाते. १९५० मध्ये लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी, वॉल्टर शुहार्ट यांनी १९२० च्या दशकात कारखान्यातील उत्पादनासाठी आखलेला नियंत्रण-तक्ता रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत आणला.

हा तक्ता अगदी साधा आहे. ज्ञात नियंत्रण-नमुना रोज तपासावयाचा. पुरेशा वाचनांवरून, किमान वीस तरी, सरासरी आणि प्रमाण विचलन काढावयाचे. सरासरीची रेषा आणि तिच्या दोन्ही बाजूंना एक, दोन व तीन विचलनांच्या रेषा आखून रोजचा बिंदू मांडीत जावयाचा. बिंदू दोन विचलनांबाहेर जाणे केवळ योगायोगाने वीसांत सुमारे एकदा घडते, म्हणून एका बिंदूने घाबरून जाण्याचे कारण नाही. तीन विचलनांबाहेरचा बिंदू मात्र त्या दिवसाचे काम थांबवितो. दोन बिंदू लागोपाठ एकाच बाजूला दोन विचलनांपलीकडे गेले, किंवा दहा बिंदू सलग सरासरीच्या एकाच बाजूला राहिले, तर पद्धतीत काही तरी सरकले आहे असे समजावयाचे. हे निकष १९८१ मध्ये जेम्स वेस्टगार्ड आणि सहकाऱ्यांनी एकत्र बांधले आणि ते आजही वापरात आहेत.

या तक्त्याचा जीव खऱ्या बिंदूंमध्ये आहे. नियंत्रण-नमुना मर्यादेबाहेर गेला म्हणून तो ‘बसेपर्यंत’ पुन्हा पुन्हा लावणे आणि बसलेले वाचन तेवढे नोंदविणे, हा मोह प्रत्येक प्रयोगशाळेत असतो. ज्याने पदवीच्या तीन वर्षांत आलेखाचे बिंदू सरकवून गुण मिळविले, त्याला हा मोह वेगळा असा जाणवतच नाही. त्याच्या दृष्टीने ते ‘जर्नल पूर्ण करणे’ असते. भारतात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमार्फत जीवरसायनशास्त्रासाठी आणि नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेमार्फत रक्तशास्त्रासाठी बाह्य गुणवत्ता योजना चालविल्या जातात. त्यांत सहभागी प्रयोगशाळेला अज्ञात मूल्याचा नमुना येतो. तो रोजच्या नमुन्यांप्रमाणे एकदाच, रोजच्याच हातांनी तपासला तरच त्याचा उपयोग. सर्वांत अनुभवी तंत्रज्ञाकडून तो चार वेळा करवून घेतला, तर योजनेचे प्रमाणपत्र मिळते. रुग्णाला काहीच मिळत नाही.

शिक्षकांच्या हातात येथे बरेच काही आहे. एकच द्रावण दहा विद्यार्थ्यांना अज्ञात म्हणून द्यावे, दहाही वाचने फळ्यावर जशीच्या तशी लिहावीत, त्यांची सरासरी व विचलन वर्गातच काढावे. जो बिंदू दूर पडला तो कोणाचा, यापेक्षा तो दूर का पडला, यावर तास खर्च व्हावा. खाडाखोड न करता एका रेघेने छेदलेले वाचन, त्याशेजारी कारण, वेळ व आद्याक्षरे, ही निदान प्रयोगशाळेची नोंदपद्धती प्रयोगवहीत आणण्यास कोणत्याही विद्यापीठाच्या परवानगीची गरज नाही. अर्थात, असा तास मागे पडतो आणि ‘पोर्शन’ राहतो, ही अडचण खरी आहे.

वर्गातले रक्त

सिकलसेलचे उदाहरण विदर्भातील आणि नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल भागांतील महाविद्यालयांना विशेष जवळचे आहे. भारतात या विकाराची पहिली नोंद १९५२ मध्ये, म्हणजे बॉम्बे रक्तगटाच्याच वर्षी, निलगिरी भागातील समाजांत झाली. बीटा ग्लोबिनच्या सहाव्या स्थानावरील ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येते, हे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये दाखविले आणि तेव्हापासून हे उदाहरण प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. जुलै २०२३ मध्ये केंद्र शासनाचे सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाल्यापासून चाचण्या करणाऱ्या हातांची गरज वाढली आहे.

प्राथमिक चाचणी म्हणून वापरली जाणारी विद्राव्यता चाचणी स्वस्त व सोपी आहे: द्रावण गढूळ झाले तर हिमोग्लोबिन एस आहे. परंतु ही चाचणी वाहक आणि रुग्ण यांत भेद करू शकत नाही. सहा महिन्यांच्या आतील बालकात हिमोग्लोबिन एफ अधिक असल्याने, तीव्र रक्तक्षयात, तसेच नुकतेच रक्त दिलेल्या व्यक्तीत ती फसवी ठरू शकते. निश्चितीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावे लागते. ‘पॉझिटिव्ह’ या एका शब्दाने घरातील विवाहाची बोलणी थांबतात, अशा समाजात वाहक आणि रुग्ण यांतील फरक न सांगणारा अहवाल अर्धवट म्हणावा लागेल.

शिवाय हा प्रश्न वर्गातच सुरू होतो. गडचिरोली वा नंदुरबारच्या महाविद्यालयात ही चाचणी प्रात्यक्षिक म्हणून घेतली, तर तपासले जाणारे रक्त त्या समाजातील मुलामुलींचेच असते. रक्तगट मोठ्याने वाचून दाखविण्याची सवय तशीच पुढे चालली, तर पस्तीस जणांसमोर एखाद्या मुलीचे वाहकत्व जाहीर होते. संमती, गोपनीयता आणि निकालानंतरचे समुपदेशन हे विषय तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात ‘नीतिमूल्ये’ या शीर्षकाखाली दोन व्याख्यानांत उरकले जातात. त्यांचा पहिला पाठ, शिक्षकांनी ठरविले तर, या प्रात्यक्षिकाच्या आधीच्या दहा मिनिटांत होऊ शकतो: ज्याला रक्त द्यावयाचे नाही त्याने देऊ नये, आणि निकाल फक्त ज्याचा त्यालाच मिळेल. याच दहा मिनिटांत हिपॅटायटिस-बीच्या लसीची चौकशीही व्हावी. बाधित सुई टोचल्यास एचआयव्हीचा धोका सुमारे ०.३ टक्के असतो; लस न घेतलेल्यांना हिपॅटायटिस-बीचा धोका याच्या कित्येक पटींनी अधिक असतो, हे विद्यार्थ्यांना अनेकदा ठाऊक नसते. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम, लॅन्सेटसाठी छेद न जाणारा पांढरा डबा आणि रक्ताने माखलेल्या कापसासाठी पिवळी पिशवी, हेही फलकावरून वाचण्यापेक्षा त्याच दिवशी हाताने पाळण्याचे विषय आहेत.

सही कोणाची, नोंद कोणाची

राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम, २०२१ या कायद्याने प्रयोगशाळा तंत्रज्ञांना व्यावसायिक म्हणून स्वतंत्र ओळख दिली आणि प्रशिक्षणाचा किमान कालावधी तासांत बांधला: संलग्न आरोग्य व्यावसायिकासाठी २,००० तास व आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी ३,६०० तास. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, प्रयोगशाळेच्या अहवालावर विकृतिशास्त्रातील पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत वैद्यकाचीच सही असावी, ही भूमिका ग्राह्य धरली होती. या दोहोंचा एकत्रित अर्थ शिक्षकांनी समजून घेण्यासारखा आहे. सही वैद्यकाची असली तरी त्याने नळी पाहिलेली नसते, पट्टा किती वेळ आवळला होता हे त्याला ठाऊक नसते, नियंत्रण-नमुना किती वेळा लावला हेही नसते. त्याच्यापुढे असते ती तंत्रज्ञाची नोंद. ती नोंद करणारा हात महाविद्यालयाच्या प्रयोगवहीत घडलेला असतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतरच्या श्रेयांक-रचनेत ऑन जॉब ट्रेनिंगला स्थान मिळाले आहे. त्यानिमित्ताने जीवशास्त्राचे विद्यार्थी निदान प्रयोगशाळांत काही आठवडे घालवू शकतात. तेथे त्यांना केवळ नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटविण्याचे काम मिळते, अशी तक्रार ऐकू येते. चिठ्ठी चिकटविणे हे काम क्षुल्लक नाही, हे पादुआचे आकडे सांगतातच. पण ते का क्षुल्लक नाही हे सांगणारे कोणी तेथे हजर असावयास हवे.

रक्तगटाच्या प्रात्यक्षिकापुरते बोलावयाचे तर रिव्हर्स ग्रुपिंगसाठी लागणारी सामग्री बहुतेक महाविद्यालयांत असते: लहान अपकेंद्रित्र, काचनळ्या, सामान्य लवणजल. गट आधीच ठाऊक असलेल्या आणि संमती दिलेल्या ए, बी व ओ गटांच्या तिघांच्या पेशी लवणजलाने तीन वेळा धुऊन त्यांचे २ ते ५ टक्क्यांचे निलंबन करावे. प्रत्येक तुकडीने तपासावयाच्या व्यक्तीचे सीरम तीन नळ्यांत घेऊन त्यांत हे निलंबन एकेक थेंब घालावे, थोडे अपकेंद्रित करून हलके हलवावे आणि फॉरवर्डच्या उत्तराशी ताडून पाहावे. अशा पेशी केवळ अध्यापनासाठी. रुग्णासाठी त्या चालत नाहीत, हेही सांगावे. सीरमसाठी बोटाचे थेंब पुरत नाहीत, शिरेतून रक्त घ्यावे लागते, म्हणून प्रशिक्षित व्यक्तीची गरज पडते. जवळच्या रुग्णालयातील तंत्रज्ञ यासाठी वर्षातून एक दुपार देऊ शकतो. तासभर अधिक लागतो. वहीतील तक्त्यात तीन रकाने वाढतात, आणि त्यांतला शेवटचा, ओ पेशींचा रकाना, जवळजवळ प्रत्येक वर्षी सर्वांचा रिकामाच राहतो.